प्रतिसाद: पाच तारांचा जुना बास की चार तारांचा नवा?

एकाने विचारलंय, बास (खालच्या सुरांची गिटार) जुना पाच तारांचा घ्यावा की नवा चार तारांचा. शिकायला चारच तारा पुरेत, ई-ए-डी-जी या सुरांच्या. बोटं लहान असतील तर ३४ इंचांऐवजी ३० इंच स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी) बघा.

जुना घेताना किमतीआधी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये साधारण ०.३ मिमी फट हवी. फट अजिबात नसेल तर पहिल्या काही फ्रेट्सवर तार खरखरते. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरत नसेल तर सरळ नकार द्या, मग कितीही स्वस्त असो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २ ते २.५ मिमी ठीक.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात, नेक मागे झुकते. तेव्हा रॉड पाव फेरा सैल करा, तारा सुरात लावून पुन्हा मोजा. पत्र्याच्या खोलीत तर बास ठेवूच नका.

बास अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी उतरते. आणि घरातल्या छोट्या गिटार अ‍ॅम्पवर आवाज वाढवू नका, स्पीकर फाटतो.