डिसेंबरचा मुलगा: पहिली यंदा की पुढच्या वर्षी?

आरुषची आई (सातारा)
नमस्कार. मुलगा 18 डिसेंबर 2020 चा. आपल्याकडे 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत घेतात, म्हणजे 2026 च्या जूनला साडेपाचाचाच बसेल. वर्गात जानेवारीची मुलंही असणार, जवळजवळ वर्षाने मोठी. बोलायला चुरचुरीत आहे, गोष्टी कितीही ऐकेल. पण पेन्सिल धरली की चार ओळींत हात दुखतो, आणि डब्याचं झाकण निघालं नाही तर डबा तसाच घरी येतो. नणंदेची मुलगी नोव्हेंबरची, ती मोठ्या गटातच वाचायला लागली. सासरे म्हणतात, वर्ष वाया घालवू नका, पुढे सैनिक स्कूलला वय आडवं येईल. मुलग्यांना उशिरा घातलेलं खरंच बरं असतं का?

पहिलीच्या बाई
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. थांबा. मुलगा आहे म्हणून नव्हे. डिसेंबरचा आहे आणि हात अजून तयार नाही म्हणून. मार्चचा असता तर पाठवा म्हटलं असतं. फळ्यावरचं 'कमळ' बाकीच्यांचं लिहून होतं तेव्हा अशी मुलं अजून 'क'ची उभी रेघ ओढत असतात. मुलीही असतात त्यांत, पण मुलगे जास्त. अक्षर सुधारतं हो, पण दिवाळीपर्यंत "मला नाही येत" हे डोक्यात बसतं, ते काढताना माझा जीव जातो.

मात्र ठरवायचं ते आत्ताच. पहिलीच्या जनरल रजिस्टरला नाव चढलं की मागे येणं अवघड, आणि पहिलीत नापास करत नाहीत, मूल तसंच दुसरीत जातं. ते वर्ष मोबाईलसमोर जाणार असेल तर थांबूही नका. मोठा गट पुन्हा करू दे. घरी शेंगा सोलायला बसवा, कणीक मळू दे, कात्रीने कागद कापू दे, शर्टाची बटणं त्याची त्याला लावू दे. लिखाण अजिबात वाढवू नका.

टेक्सासकर
इकडे 1 सप्टेंबरची तारीख धरतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलग्यांना वर्षभर थांबवणारे पालक बरेच दिसतात. 2018 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता: अशी तारीख असलेल्या राज्यांत ऑगस्टच्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा 34 टक्के जास्त. वर्गात सगळ्यांत लहान असणं आजार म्हणून नोंदलं जातं, हे वाचून मी हादरलो होतो. मार्कांतला फरक मात्र वरच्या इयत्तांत कमी होत जातो, जास्त मार्कांच्या आशेने थांबू नका.

नोव्हेंबरचा बाबा
आम्ही नाही थांबलो. पट लहान होता, बाईंनी दिवाळीपर्यंत बहुतेक तोंडीच घेतलं, म्हणून निभावलं. आधी शाळेत जाऊन पट विचारा आणि पहिल्या सहामाहीत किती लिहून घेतात ते बघा.

पहिलीच्या बाई
हे अगदी बरोबर. आणि ताई, सासऱ्यांना सांगा, सैनिक स्कूलला सहावीच्या प्रवेशासाठी 31 मार्चला वय 10 ते 12 लागतं. 2027 ला पहिलीत गेला तर सहावीच्या वेळी सव्वाअकराचा असेल, चालतं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेसाठी अर्ज भरणार असाल तर तिथे वयाची वरचीही मर्यादा असते, ती फॉर्म भरण्याआधी बघून घ्या.