सीआयएफमध्ये विमा विकणाऱ्याने काढायचा, मग नुकसान घेणाऱ्याचं कसं?

निफाडची_लेक
एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला जागतिक व्यवसाय व्यवस्थापन आहे. जागतिकीकरणाच्या व्याख्या पाठ झाल्या, पण इन्कोटर्म्सपाशी, म्हणजे परदेशी सौद्यात खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या ठरावीक अटींपाशी, गाडी अडलीय. पुस्तकात लिहिलंय, सीआयएफमध्ये (किंमत, विमा, भाडं एकत्र धरणारी अट) जहाजाचं भाडं आणि विमा विक्रेत्याकडे, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. हे पटतच नाही. आमची द्राक्षं रॉटरडॅमला जातात, म्हणून पप्पांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. तिथपर्यंतचे पैसे आपण भरायचे आणि वाटेत माल गेला तर तो आपला नाही?

कागदवाला_नाशिक
ताई, खर्च कुठे संपतो आणि जोखीम कुठे संपते, हे वेगवेगळं लिहून बघ. एफओबीत (विकणाऱ्याने माल फक्त जहाजावर चढवून द्यायची अट) दोन्ही इथल्या न्हावा शेवा बंदरातच संपतात. सीआयएफमध्ये जोखीम तिथेच संपते, खर्च मात्र रॉटरडॅमपर्यंत चालतो. विमा आपण काढतो, पण भरपाई मागायचा हक्क घेणाऱ्याचा. म्हणून तर पॉलिसी बाकीच्या कागदांसोबत त्याच्याकडे जाते.

मी 14 वर्षं निर्यातीची कागदपत्रं करतोय. 2024च्या हंगामात जहाजं तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती. आमचा एक कंटेनर दोन आठवडे उशिरा पोचला. तिकडून फोटो आले: देठ वाळून तपकिरी पडलेले, मणी गळून पेटीच्या तळाशी. ते फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. विमा होता, पण सीआयएफमध्ये विक्रेत्यावर किमान विम्याचंच बंधन असतं, त्याला क्लॉज सी म्हणतात. आग लागली, जहाज बुडालं तर भरपाई. उशिराने झालेलं नुकसान तर सगळ्यात मोठ्या क्लॉज एमध्येही वगळलेलं असतं. कागदावर नुकसान घेणाऱ्याचं होतं. पण पुढच्या हंगामात त्यालाच माल द्यायचा होता, म्हणून आमच्या शेठनी भाव तोडून दिला. परीक्षेत पुस्तकातलंच लिही, पण हेही ध्यानात ठेव.

पिंपळगावकर
दादांचं बरोबर आहे, पण आपल्याकडचा पुष्कळ माल भाव न ठरवताच कन्साइनमेंटवर जातो. तिकडे विकला की भाडं, कमिशन कापून उरेल ते हातात. त्यात जोखीम शेवटपर्यंत आपली. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली, तेव्हा हे आम्हाला चांगलंच कळलं. घरचा व्यवहार कसा आहे ते आधी विचार.

निफाडची_लेक
विचारलं. पप्पा म्हणाले, किलोचा भाव बागेतच ठरतो, खुडून झालं की माल निर्यातदाराचा. म्हणजे आपलं एक्स वर्क्स का, विकणाऱ्याच्या जागेवरूनच माल घेणाऱ्याचा होतो ते?

कागदवाला_नाशिक
हो, जवळपास तेच. आता खुडा झाल्यावर पैसे किती दिवसांनी येतात तेही विचार. 11 इन्कोटर्म्स आहेत, पण पैसे कधी द्यायचे हे त्यातला एकही ठरवत नाही. ते सौद्यातच लिहून घ्यावं लागतं. पप्पांकडे तसा कागद आहे का?