सिंगापूरने टेलर स्विफ्टची टूर फक्त स्वतःकडे बांधून घेतली, हे बरोबर होतं का?

तिसरी घंटा:
टेलर स्विफ्टच्या एरास टूरबद्दल बोलताना सगळे आकडेच सांगत बसतात, 149 शो, पाच खंड, तिकिटांतून दोन अब्ज डॉलरच्या वर कमाई. कौतुक मलाही आहे. पण मार्च 2024 मध्ये सिंगापूरला जे झालं ते मला अजिबात पटलेलं नाही. नॅशनल स्टेडियममध्ये सहा शो आणि अख्ख्या आग्नेय आशियात दुसरीकडे एकही नाही! थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान स्रेथा थाविसिन यांनी आधी फेब्रुवारीत उघड सांगितलं की सिंगापूर सरकार दर शोमागे 20 ते 30 लाख डॉलर देतंय आणि बदल्यात या भागात दुसरीकडे कार्यक्रम करायचा नाही अशी अट आहे. सिंगापूरने अनुदान दिल्याचं मान्य केलं, रक्कम मात्र सांगितली नाही, लोक म्हणतात तेवढी मोठी नाही एवढंच म्हणाले. मग सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी मेलबर्नला आसियान-ऑस्ट्रेलिया परिषदेच्या वेळी सांगून टाकलं की हो, शो फक्त आमच्याकडेच व्हावेत असा करार होता आणि त्यात शेजाऱ्यांशी वाकडं वागण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कलाकाराला बोलवायला पैसे द्या, खुशाल द्या. पण शेजाऱ्याकडे जाऊ नकोस यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे देणं चूक आहे.

खाडीकाठ:
पूर्ण असहमत. सरकारचं काम आपल्या देशाचा फायदा बघणं हेच असतं ना? हॉटेलं भरली, विमानं भरली, तीन लाखांवर लोक शोला आले आणि त्यातले कितीतरी बाहेरच्या देशातून. आणि बोलवायला द्या पण अडवायला देऊ नका हे ऐकायला छान वाटतं, पण तीच बाई आठवड्याभराने बँकॉकला गाणार असेल तर थायलंडमधला माणूस सिंगापूरला कशाला येईल? अनुदानाचा अर्थच राहत नाही मग.

शिवाय स्टेज बघितलंय का तिचं? प्रेक्षकांमध्ये लांबवर घुसणारा रॅम्प, त्याची अख्खी जमीन म्हणजे स्क्रीन, मधे वरखाली होणारे प्लॅटफॉर्म, तीन तासांहून मोठा शो. हे सगळं उभं करायला आणि सोडवायला दिवसच्या दिवस जातात, समुद्रापलीकडे न्यायचं म्हणजे विमानं आणि जहाजं आली. एकाच जागी सहा रात्री केल्या तर तो खर्च सहा शोंवर वाटला जातो. पाच देशांत फिरली असती तर तिकीट महागलंच असतं.

मिरमिरा:
@खाडीकाठ मग एड शीरन कसा फिरला? त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर, जकार्ता, मनिला, सगळीकडे मोठे शो केले की त्याने! कोल्डप्ले बँडनेही जकार्ता, क्वालालंपूर, मनिला, बँकॉक केलं आणि वर सिंगापूरला सहा रात्री केल्या. म्हणजे सिंगापूरला सहा शो पण होतात आणि शेजारी उपाशी पण राहत नाहीत.

खाडीकाठ:
एड शीरन बराचसा शो गिटार आणि लूप पेडलवर (वाजवलेलं लगेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) एकटा ओढतो, ती तुलना इथे नको. कोल्डप्लेचं मान्य, तो मुद्दा वजनदार आहे. पण त्याच मनिलाच्या शोमध्ये त्यांच्या गायकाने, क्रिस मार्टिनने, तिथल्या ट्रॅफिकवर स्टेजवरून गाणं रचून गायलं होतं हेही आठवा, लोक तासन्‌तास अडकले होते. जुलै 2023 मध्ये क्वालालंपूरजवळ द 1975 बँडने स्टेजवर जे केलं त्यावरून सरकारने पूर्ण फेस्टिवलच बंद पाडला. 2012 मध्ये जकार्ताला लेडी गागाचा शो धमक्यांमुळे रद्द झाला, तिकिटं विकून झालेली असताना. एवढी यंत्रणा घेऊन फिरणारा माणूस अशी जोखीम का घेईल? सिंगापूरने नुसते पैसे टाकले नाहीत, ठरलेल्या दिवशी शो होणार ही खात्री दिली.

रानजाई:
मला दोघांच्या भांडणात चाहते कुठेच दिसत नाहीत म्हणून लिहितेय. थायलंडचं बघा. जून 2014 मध्ये टेलरच्या रेड टूरचा बँकॉकचा शो ठरला होता, मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली आणि शो रद्द. म्हणजे दहा वर्षं वाट बघून त्यांना पुन्हा तेच मिळालं, परदेशात जाऊन बघा. फिलिपिन्समध्ये तिला ऐकणारी पोरं तर रस्तोरस्ती आहेत, पण तिकडच्या साध्या पगारात विमान, हॉटेल आणि तिकीट कसं बसवायचं? सिंगापूरचं साधं तिकीट 108 ते 348 सिंगापुरी डॉलर होतं, व्हीआयपी 1,228 पर्यंत. आणि ते घ्यायला प्रीसेल एका ठराविक बँकेच्या कार्डवाल्यांना आधी! बाकीचे तिकिटं विकणाऱ्या पोस्टाच्या ऑफिसांबाहेर रात्रभर रांगेत.

शोच्या दिवसांत स्टेडियमबाहेर तिकीट नसलेले लोक घोळक्याने बसले होते, आतला आवाज ऐकत मोठमोठ्याने गात होते, हातातली मण्यांची ब्रेसलेट्स अनोळखी लोकांना देत होते. यातल्या कितीजणांना स्वतःच्या शहरात हा शो मिळायला हवा होता.

खाडीकाठ:
@रानजाई वाईट वाटतं, मान्य. पण हे दुःख सिंगापूरच्या माथी मारू नका. बँकॉकचा शो सिंगापूरने नाही रद्द केला.

मिरमिरा:
2014 चा नाही केला, पण 2024 चा होऊच नये म्हणून पैसे मोजले! स्रेथा तर म्हणाले होते की हे आधी कळलं असतं तर थायलंडनेही शो आणायचा प्रयत्न केला असता. म्हणजे यजमान तयार होता.

तिसरी घंटा:
@खाडीकाठ तुमचा खात्रीचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच विचारतोय, सिंगापूरकडे छप्पर असलेलं स्टेडियम आहे, मेट्रो दारात आहे, नियम स्थिर आहेत, मग अट घालायची गरजच काय होती? सहा रात्री तशाही भरल्या असत्या. आणि हे एकदाच झालं असंही नाही. मे 2025 मध्ये लेडी गागाने सिंगापूरला चार शो केले, त्या वर्षी आशियात दुसरीकडे कुठेच नाही. उद्या थायलंड आणि इंडोनेशिया पण पैशाच्या थैल्या घेऊन उभे राहणार, प्रत्येकजण म्हणणार फक्त आमच्याकडे, आणि बोली वाढत जाणार. ज्या देशाकडे द्यायला तेवढे पैसे नाहीत तिथल्या चाहत्यांनी काय करायचं, याचं उत्तर तुमच्या एकाही रिप्लायमध्ये नाही.

खाडीकाठ:
उत्तर आहे, तुम्हाला आवडणार नाही. आपल्या सरकारला विचारायचं की चांगलं स्टेडियम का नाही आणि परवानगीचा भरवसा का नाही. टेलर स्विफ्टला किंवा सिंगापूरला विचारून ते मिळणार नाही.