कुंडीतल्या भूत जोलोकियाची पाने आखडत आहेत आणि फुले गळत आहेत

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आमच्या पश्चिमेकडच्या गच्चीत १२ इंची कुंड्यांमध्ये भूत जोलोकिया या अतितिखट मिरचीची दोन रोपे आहेत. फेब्रुवारीत ती जोमाने वाढली, परंतु एप्रिल लागल्यापासून शेंड्याची पाने आखडू लागली असून फुले उमलताच देठासकट गळून पडतात. शेजारच्या कुंडीतल्या लवंगी मिरचीला मात्र भरपूर मिरच्या लागल्या आहेत. दर आठवड्याला द्रवरूप खत आणि रोज सकाळी पाणी देतो. हा बोकड्या (मिरचीची पाने आखडण्याचा रोग) असेल, तर रोपे उपटून टाकावीत का?

प्रतिसाद १

उपटण्याची घाई करू नये. पाने कोणत्या बाजूला वळली आहेत, हे आधी पाहावे. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून पानाचा देठ लांबला असेल, तर पिवळा कोळी ही सूक्ष्म कीड असते. दोन्ही पानाचा रस शोषतात, पण कोळी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून शेंड्याचे कोवळे पान उलटून दहापट भिंगाखाली शिरेलगत पाहावे. पाने बारीक, पिवळट होऊन झाडाची वाढ खुंटून झुपका झाला असेल, तर मात्र पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असण्याची शक्यता आहे. त्यावर औषध नाही आणि असे रोप लवंगीजवळ ठेवू नये.

प्रतिसाद २

फुलगळीचे कारण वेगळे असावे, असे मला वाटते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उष्ण राहिली, की परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही. भूत जोलोकिया मुळात आसाम-नागालँडच्या दमट हवेतली मिरची असल्याने पश्चिमेचे दुपारचे ऊन तिला लवंगीपेक्षा जास्त जाचते. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. नत्र जास्त असलेले खत आता थांबवावे, कारण त्याने पाला माजतो, आणि कोवळ्या पाल्यावर कीड लवकर येते. पाणी रोजच्या सवयीने न देता वरची बोटभर माती कोरडी झाल्यावर द्यावे.

प्रश्नकर्ता

भिंगातून पाहिले. कडा खाली वळल्या आहेत, पानामागे शिरेलगत पारदर्शक, हलणारे ठिपके आहेत. बाजारात पाण्यात मिसळणारे गंधक सुचवले. फवारू का?

प्रतिसाद १

कोळ्यावर गंधक चांगले काम करते, पण या उन्हात त्याने पाने करपतात, म्हणून सध्या टाळावे. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकावेत आणि एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. पुढे हवा गार झाल्यावर गंधक वापरायचे झाले, तर तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत, कारण दोन्ही एकत्र आल्यास झाडाला इजा होते. छाटलेल्या जागी नवी फूट निरोगी आली, तर पावसाळ्यात हवा थंडावल्यावर फळधारणा सुरू होईल. त्या मिरच्या तोडताना आणि चिरताना हातमोजे अवश्य घालावेत.