मदत हवी आहे: जुलैत सिम्पसन वाळवंट, सोबत बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही ॲडलेडला असतो. जुलैत दोन गाड्या घेऊन पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत असं ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट पार करायचं ठरवतोय. वाळूच्या टेकड्यांची पश्चिमेकडची चढण सौम्य आणि पूर्वेकडची उभी, म्हणून पश्चिमेकडूनच निघणार. उद्यानाचा परवाना, टेकडीपलीकडून गाडी दिसावी म्हणून गाडीवरचा उंच झेंडा, गाड्यांमध्ये बोलायला यूएचएफ रेडिओ आणि सॅटेलाइट फोन यांची सोय होतेय.

प्रश्न इंधनाचा आहे. मध्ये सुमारे ५०० किलोमीटर पंप नाही, आणि ११०० च्या वर वाळूच्या टेकड्या. टायरमधली हवा १६-१८ पीएसआयवर आणून फ्रेंच लाइनने (टेकड्या ओलांडत जाणारी थेट वाट) गेलेल्यांनी सांगा, डिझेल गाडीने प्रत्यक्षात १०० किलोमीटरला किती प्यायलं? जास्तीचे कॅन छतावर नकोत असं मला वाटतं. वजन वर गेलं की टेकडीवर गाडी कलंडायची भीती. मग ठेवता कुठे?

आणि खरी काळजी बाबांची. नाशिकहून येताहेत, वय ६८, इन्सुलिन घेतात. रात्री पारा शून्याजवळ जातो, म्हणजे इन्सुलिन गोठण्याचाही धोका. गाडीतल्या फ्रिजमध्ये ते कसं सांभाळलंत? त्यांची पाठही दुखते. फ्रेंच लाइनवरचे खड्डे आणि हिसके त्यांना झेपतील, की लांबचा पण सौम्य उतारांचा रिग रोड घ्यावा? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्या कुणीतरी जरूर लिहा. त्यांना वाटेत सुरुवातीलाच लागणाऱ्या डलहौसीच्या (हिमाचलातलं नव्हे) गरम झऱ्यात पाय सोडून बसलेलं बघायचंय मला, पण त्रास होणार असेल तर तिथूनच मागे फिरू.