जलरंगातील चित्रे प्रिंट-ऑन-डिमांड संकेतस्थळांवर विकण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात चरईत राहते आणि तलावपाळीची व कौपिनेश्वर मंदिराच्या परिसराची जलरंगातील चित्रे काढते. रेडबबलसारख्या संकेतस्थळांवर आपण फक्त फाइल अपलोड करायची, मागणी आल्यावर छापून पाठवायचे काम त्यांनी करायचे आणि मूळ किमतीवर आपण ठरवलेल्या टक्केवारीतून संकेतस्थळाचे शुल्क असल्यास ते वजा जाऊन उरलेली रक्कम आपल्याला मिळायची, ही पद्धत मला पटली आहे.

अडचण रंगांची आहे. ए४ आकाराचे चित्र मी ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले, म्हणजे ते ३०० डीपीआयने ए२ आकारापर्यंत छापता येते. परंतु एका ठिकाणाहून मागवलेल्या नमुन्यात संध्याकाळच्या पाण्यातला निळसर हिरवा रंग मळकट राखाडी आला आणि कागदाचा पोत, जो मला जपायचा होता, धुळीच्या ठिपक्यांसारखा दिसू लागला. एसआरजीबी (पडद्यावर दाखवण्यासाठीची रंगपद्धत) फाइल छपाईच्या शाईत उतरताना तेजस्वी रंग मंदावतात हे मला ठाऊक आहे, तरीही इतका फरक मनाला लागला. अशा चित्रांसाठी स्कॅन करावे, की दोन्ही बाजूंनी सारखा उजेड देऊन छायाचित्र घ्यावे?

शिवाय, अमेरिकी संकेतस्थळांसाठी डब्ल्यू-८बेन अर्ज (अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीने तिथल्या करकपातीसाठी द्यायचा अर्ज) भरताना भारत-अमेरिका कर-करारातील रॉयल्टीवरील कराचा १५ टक्के दर कोणी लावून घेतला आहे का? ठाणे किंवा नवी मुंबईत जलरंगाची चित्रे नीट स्कॅन करून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया अवश्य कळवावे.