अनुभव धागा : पाला, साल, मूळ... कधी, किती आणि कसं? (नाशिक आणि आसपास)

गोदाकाठ
बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या) बाजारात पाल्याच्या जुड्या दिसायला लागल्या की तेच प्रश्न फिरून येतात. गुळवेल खरी कुठली, काढा किती आटवायचा, मोरावळ्याला बुरशी का आली. म्हणून हा धागा. आमंत्रण सगळ्यांना आहे, अट एकच : आजीच्या आठवणी आणि 'आमच्याकडे गुण आला' असल्या कथा नकोत. वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती आणि काय बिघडतं, एवढं लिहा. प्रमाण न देता 'थोडंसं घ्यावं' लिहिणाऱ्याला परत विचारलं जाईल.

रानवाट
आधी काढणीचं बोलू, कारण निम्मं बिघडतं ते तिथेच. चरकसंहितेच्या कल्पस्थान या भागातला जुना हिशोब आजही चालतो. पानं पावसाळ्यात आणि वसंतात, मुळं पानगळ झाल्यावर म्हणजे शिशिर-ग्रीष्मात, साल आणि कंद शरदात. कारण साधं आहे. झाड पालवत असतं तेव्हा साठा वर चढलेला असतो आणि मूळ पोकळ निघतं.

साल काढताना बुंध्याभोवती कडं काढू नये, झाड मरतं. एका बाजूने उभी पट्टी काढायची, हाताच्या पंजापेक्षा रुंद नाही, आणि त्याच झाडाकडे लगेच पुढच्या वर्षी परत जायचं नाही.

आणि अंजनेरीवरून काहीही आणायचं नाही. तिथलं कंदीलपुष्प (सेरोपेजिया अंजनेरिका) त्या डोंगरापलीकडे जवळजवळ कुठेच नाही आणि त्याचा कंद उकरला की रोप संपलं. लागेल ते बांधावर, कुंपणाला लावा. गुळवेल, अडुळसा, निर्गुडी तिन्ही फांदीपासून येतात.

वेलाची_गाठ
गुळवेल. ओळख नीट करा, कारण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि त्यानंतर वाद झाला तो याच मुद्द्यावर : घेतली ती गुळवेलच होती का?

खरी (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) : खोड हिरवट, वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात. पान पूर्ण बदामी, देठाशी खोल खाच. फळ गोल, पिकल्यावर लाल. लांबट फळाची आणि खोडावर मोठमोठे फोड असलेली जात (टिनोस्पोरा क्रिस्पा) वेगळी, तिचं खोड राखाडी आणि चीक दुधट. शंका असेल तर घेऊ नका. ओळख पटली तरी यकृताचा आजार किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर वैद्याला विचारल्याशिवाय नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर आणखी उतरू शकते.

सत्त्व काढायचं तर मार्च ते मे. तेव्हा पानं झडलेली असतात आणि स्टार्च खोडात असतो. अंगठ्याएवढं जाड ताजं खोड एक किलो. पापुद्रा खरवडून दोन-दोन बोटांचे तुकडे करा, ठेचा, चौपट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी हाताने खूप चोळा, फडक्यातून गाळा, चार-पाच तास न हलवता निवळू द्या. वरचं पाणी ओता, नवं पाणी घाला, पुन्हा निवळा. असं तीनदा. खाली उरतं ते ताटात पसरून वाळवा. किलोभर खोडातून हाती अगदी थोडं लागतं, त्यामुळे स्वस्त सत्त्व दिसलं की शंका घ्या.

काय बिघडतं : उन्हाळ्यात निवळायला ठेवलेलं पाणी दिवसभर विसरलं की आंबतं आणि सत्त्वाला वास येतो. दुसरं, भेसळ ओळखायला आयोडीनचा थेंब टाका असं कोणी सांगेल. त्याचा उपयोग नाही. बटाट्याचं पीठही निळं होतं आणि सत्त्वही, कारण दोन्ही स्टार्चच.

सिन्नर_रोड
वरच्या ऋतूंच्या हिशोबात एक भर. पंचांगाने ग्रीष्म म्हणजे ज्येष्ठ-आषाढ. आपल्याकडे आषाढात त्र्यंबक-इगतपुरीला चूल पेटत नाही इतका ओलावा असतो, आणि त्याच आठवड्यात सिन्नरच्या पूर्वेला ढेकळं कोरडी. एका जिल्ह्यात दोन ऋतू. त्यामुळे महिन्याचं नाव न बघता जमीन बघायची.

भरड
काढ्याबद्दल. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद-ग्रंथातलं प्रमाण : सालीमुळांसारख्या कठीण द्रव्याला सोळापट पाणी, आटवून आठवा हिस्सा. म्हणजे १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, उरले पाहिजेत २० मिली. मऊ ताज्या पाल्याला चौपट पाणी आणि चौथा हिस्सा पुरतो. 'चार कपांचा एक कप' हा घरोघरचा नियम वाईट नाही, फक्त त्यात औषध किती ग्रॅम हे कोणी मोजत नाही. मुठीने मोजलेला काढा रोज वेगळा होतो.

भरड म्हणजे भरडच, गव्हाच्या दलियासारखी. बारीक पूड टाकली की ती तळाला बसते, करपते, गाळणीतून खाली येते आणि घशाला लागते. आच मंद, झाकण उघडं, भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडाच्या कढईत हिरडा-आवळा घातला की काळीशार शाई होते, ॲल्युमिनियम आंबट-तुरट द्रव्यांना नकोच.

आता जी चूक दहापैकी आठ घरांत होते ती. तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, दालचिनी यांचा गुण वासात आहे. झाकण उघडं टाकून वीस मिनिटं उकळलं की तो वास शेजाऱ्यांना मिळतो आणि तुम्हाला रंगीत पाणी. यांचा काढा करत नाहीत, फांट करतात. बाकीचा काढा आटला, गॅस बंद केला, मग ही द्रव्यं टाकायची आणि दहा मिनिटं घट्ट झाकायचं.

काढा त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमधला तीन दिवसांचा काढा काढा राहत नाही.

अडुळशाचं_कुंपण
@भरड, अडुळसा मात्र काढ्यापेक्षा रसाचा. कच्च्या पानाला रस सुटत नाही, लोक पाणी घालून मिक्सरला लावतात आणि फेस पितात. पाच-सहा पिकली, हिरवी-पिवळी पानं इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा. पान मरगळतं. मग गरम असतानाच खलबत्त्यात ठेचून फडक्यात पिळा. दोन छोटे चमचे रस, निवल्यावर त्यात एक चमचा मध. उकळत्यात मध घालू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही.

गरोदरपणात अडुळसा वर्ज्य. त्यातला व्हॅसिसिन हा घटक गर्भाशय आकुंचित करतो. खोकला आहे म्हणून गरोदर बाईला हाच रस देणारे सल्लागार अजून आहेत, म्हणून ठळक लिहिते. तसंच जेष्ठमध : चघळायला गोड, पण रोज खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या माणसाने हात लावू नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर अडुळसा बाजूला ठेवून थुंकी तपासा.

सुरगाण्याची_वाट
औषध म्हणजे बाटलीच असं नाही. पहिल्या पावसानंतरचे पंधरा-वीस दिवस शेवळं ही रानभाजी येते, पेठ-सुरगाण्याकडून नाशिकच्या बाजारात. खाजवण्याच्या भीतीने लोक टाळतात. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग पूर्ण काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. सोबत काकडाची हिरवी फळं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकड म्हणजे काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाचं फळ, विकणारी मावशी शेवळांच्या वाट्याबरोबर चार-पाच देतेच. नाही मिळालं तर चिंच. आंबट आणि परतणं, दोन्ही लागतात. एकावर भागवलं की घसा धरतो.

टाकळा कोवळा, दोन-चार पानांचा, आषाढातच. फुलावर आला की उग्र वास सुटतो. कुरडूही तुऱ्याआधी.

तिखट_चाकवत
कुड्याचं कोणी लिहिलं नाही. पांढऱ्या कुड्याची साल आव-अतिसारावर आणि दुकानात तिच्या जागी काळ्या कुड्याची येते. शेंगा बघा : पांढऱ्याच्या जोडशेंगा टोकाला सुट्या, काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या. बीही चावून बघता येतं, पांढऱ्याचा इंद्रजव कडूजहर. शौचात रक्त, ताप किंवा लघवी कमी झाली तर साल उगाळत बसू नये, मीठ-साखर-पाणी देत दवाखाना गाठावा.

हिरडेबेहडे
ऋतू हरीतकी हा अख्खा धागाच एका ओळीत आहे. हिरडा तोच, सोबतचं द्रव्य ऋतूनुसार बदलतं : वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. चूर्ण दोन ते तीन ग्रॅम, सकाळी.

हिरडा निवडताना पाण्यात टाका. बुडला तो चांगला, तरंगला तो किडका किंवा पोकळ. आठळी काढून फक्त टरफल दळायचं, नाहीतर अर्धं चूर्ण लाकूड. बाळहिरडा म्हणजे न पिकलेलं, वाळून काळं पडलेलं फळ. तो एरंडेलात किंवा तुपात मंद आचेवर परतला की टम्म फुगतो, मग कुटायचा. न फुगवता कुटायला गेलात तर खलबत्ताच आवाज करेल. गरोदर, अशक्त आणि उपास करणाऱ्यांना हिरडा नको.

चूर्णावर तारीख लिहा. शार्ङ्गधराच्या हिशोबाने दोन महिन्यांत त्याचा जोर जातो. अवलेह (चाटणं) आणि गोळ्या वर्षभर टिकतात. फळ अख्खं ठेवा, लागेल तेवढंच दळा.

तेलाचा_फेस
निर्गुडी तेल. तीन किंवा पाच पानांचा पंजा, खालून पांढरट, चुरगाळला की नाकात जाणारा वास. प्रमाण १ : ४ : १६ धरा. ६० ग्रॅम पाल्याचा कल्क (वाटून केलेला गोळा), २५० मिली तिळाचं तेल, एक लिटर पाल्याचा रस. निर्गुडीचं पान कोरडं असतं, तेव्हा वाटताना पाणी लागतं, घाला. जास्त झालं तरी आटणारच आहे.

भांडं जाड बुडाचं आणि मिश्रणाच्या तिप्पट मोठं. मंद आच, ढवळणं सतत. घाईने मोठी आच केली की कल्क तळाला करपतो आणि तेल जळका वास धरतं. एका बैठकीत उरकू नका. अर्धं आटलं की झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढे.

कधी झालं? शेवटच्या टप्प्यात थोडा कल्क बोटांत घेऊन वळा. वात वळली पाहिजे, बोटाला चिकटायला नको. ती वात आचेवर धरली तर तडतड नको, तडतडली म्हणजे पाणी शिल्लक आहे आणि असं तेल महिन्याभरात खवट होतं. त्याच सुमारास तेलावर फेस येतो. तुपात उलटं, तयार झाल्यावर फेस बसतो. वात कडक होऊन मोडली तर पाक खर (जास्त कडक) झाला, ते तेल चोळायला चालतं पण वास गेलेला. कोमट असतानाच गाळा, कोरड्या बाटलीत भरा. सुजलेल्या, लालभडक, गरम सांध्याला चोळायचं नाही.

नागलीची_भाकर
एप्रिल-मेसाठी अंबील. नागलीचं पीठ चार मोठे चमचे, एक कप पाणी, रात्रभर झाकून. सकाळी आंबूस वास आला की तीन कप उकळत्या पाण्यात ओतत ढवळा, आठ-दहा मिनिटं शिजवा. पूर्ण निवल्यावर दोन कप ताक, मीठ, जिरं. गरमात ताक घातलं की फाटतं.

भांडं सांगते, कारण तांबट आळीतून हौसेने आणलेलं तांबं-पितळ सगळ्यांकडे असतं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, कोकम, आवळा कळकतं, हिरवट होतं आणि ओकारी येते. तांब्यात नुसतं पाणी ठेवा.

कार्तिकी
मोरावळा. एक किलो मोठे, डाग नसलेले आवळे, नोव्हेंबरनंतरचे. काट्याने आठळीपर्यंत टोचा. खाण्याचा चुना एक चमचा, एक लिटर पाणी, निवळून वरचं स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात आवळे रात्रभर. सकाळी तीन पाण्यांनी धुवा, पाच-सात मिनिटं उकळा, निथळा.

सव्वा किलो साखर. इथे चुकतं : लोक आधी दोनतारी पाक करून त्यात आवळे सोडतात. घट्ट पाक आवळ्यातलं पाणी झपाट्याने ओढून घेतो आणि आवळा सुरकुततो, मनुकेसारखा. साखर थरांनी पसरा, रात्रभर ठेवा, आवळ्याला सुटलेल्या पाण्यातच साखर विरघळेल. मग मंद आचेवर एकतारी. तिसऱ्या दिवशी पाक पुन्हा पातळ झालेला दिसेल, कारण आवळा अजून पाणी सोडतोय. आवळे बाहेर काढा, नुसता पाक आटवा, परत घाला. ही फेरी गाळली की महिन्यात फसफसतं.

गोदाकाठ
छान चाललंय. वाळवण्याचं कोणी लिहाल का? आणि मला एक सांगा, आवळा चिरला की सुरीला आणि फोडींना काळं का चढतं?

रानवाट
वाळवण : पाला सावलीत, सुती कापडावर, एकेरी थरात. ऑक्टोबरच्या उकाड्यात चार-सहा दिवस. देठ वाकवला आणि कट्टकन मोडला तर वाळला, वाकला तर नाही. वरून कोरडा पण देठ ओला असा पाला बरणीत गेला की आठवड्यात कुबट. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवायला घेऊच नका, ताजाच वापरा. मुळं मात्र ओली असतानाच चिरून मग वाळवा, नंतर सुरी चालत नाही. शतावरीचा मधला दोराही ओल्यातच ओढून निघतो.

कार्तिकी
आवळ्याचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, भरड यांनी सांगितलेली शाई तीच. स्टीलची सुरी घ्या, किंवा सुरीच नको : वाफवलेला आवळा अंगठ्याने दाबला की फोडी आपोआप सुटतात.